तुम्ही विचारलंत म्हणून: मी लोकेशन का पाठवत नाही

"साताऱ्यात नवीन आलोय, चांगले ट्रेक सांगा." बदली होऊन आलेले विचारतात, कॉलेजची मुलं विचारतात, लग्न होऊन आलेल्या मुली तर हमखास. अजिंक्यतारा आणि यवतेश्वर सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "ते माहितीये हो. तुम्ही फोटो टाकता त्या वाटांचं लोकेशन पाठवा ना." मी पाठवत नाही. मग माणसं दुखावतात. "वाटा काय तुमच्या मालकीच्या आहेत?" असं एकीनं तोंडावर विचारलं. ते मला लागलं, म्हणून एकदा नीट सांगते.

मालकीच्या नाहीत. मी लातूरच्या सपाट काळ्या रानात वाढलेली. इथल्या एकाही डोंगरावर माझा हक्क नाही. वाटा मला फोनवर सापडल्या नाहीत, पायथ्याच्या गावांत सापडल्या. देवळाच्या वाटा आधी धरल्या, कारण त्या वापरात असतात. जरंडेश्वरला मारुतीसाठी शनिवारी माणसं चढतात, तेव्हा त्यांच्या मागे चालायचं. देगावातून पाटेश्वरला जायचं. मग हळूहळू डोळ्यांना फरक कळू लागतो. गुरांची वाट उतारावर आडवी जाते, तिला फाटे फुटतात आणि ती गवतात विरून जाते. माणसांची वाट मात्र देवळाला, पाण्याला किंवा पलीकडच्या गावाला जाऊन भिडते. हे ओळखता येऊ लागलं की कल्याणगड, वैराटगड, चंदन-वंदन यांच्या पायथ्याला जाऊन विचारायचं धाडस होतं. वासोटा किल्ल्याची गोष्ट वेगळी. तो व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात आहे. बामणोलीला वनखात्याची परवानगी काढून शिवसागर जलाशयातून लाँचनं जायचं, पावसाळ्यात तेही बंद. तिथे वाट शोधायला जायचंच नसतं.

आता लोकेशनचं.

मार्चची सुरुवात होती. मी आणि माझी मैत्रीण यवतेश्वरच्या डोंगराच्या एका सोंडेवरून चढत होतो. ओळखीतल्या एकानं नकाशावरची रेघ पाठवली होती, अगदी मनापासून. त्यानं ती दिवाळीच्या आसपास चालताना नोंदवलेली. वाट बरोबर होती, वळणन्‌वळण बरोबर होतं. फक्त तेव्हा हिरवं असलेलं गवत आता गुडघ्याएवढं वाळून उभं होतं. धुराचा वास आला तेव्हा आम्हाला वाटलं खाली कुणीतरी बांध पेटवलाय. मग तडतड ऐकू आली. वळून पाहिलं तर वणवा आमच्याच चढावर होता आणि वारा खालून वर वाहत होता.

आम्ही वर पळालो. कुणीही वरच पळेल. आग चढावर माणसापेक्षा वेगानं धावते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्या रेघेत ते असणंही शक्य नव्हतं. तेवढ्यात उजवीकडून हाक आली, "वर पळू नगा गं! इकडं या, जळल्यालं हाय तिकडं या!" लाकडं गोळा करणारी एक म्हातारी काळ्या पडलेल्या उतारावर उभी होती. तिच्याकडे जायचं म्हणजे आगीच्या कडेनं आडवं जायचं. मैत्रीण जागची हलेना. मी तिचा दंड धरून ओढत नेलं. म्हातारी ओरडत होती, "ती ओढणी टाक आधी!" ओढणी नायलॉनची होती. मधल्या पट्ट्यात ज्वाळा घोट्याएवढ्याच होत्या, पण त्या होत्याच. पलीकडे राख होती, गरम, आणि बुटांचे तळवे चिकटत होते. आम्ही जिथे पोचायला निघालो होतो तो माथा थोड्याच वेळात धुरात दिसेनासा झाला.

मैत्रिणीचा पाय भाजला. तो बरा झाला. ती पुन्हा डोंगरावर आली नाही, आणि त्या दिवसाबद्दल आम्ही बोलत नाही. खाली उतरताना म्हातारीनं एकच विचारलं होतं, "या दिसांत वर कशाला येता? गावात विचारलं असतं तर सांगितलं असतं की."

म्हणून मी लोकेशन पाठवत नाही. कुठे जायचं ते त्यात असतं, कधी जायचं ते नसतं. हे कारण खरं आहे. पण पूर्ण खरं सांगायचं तर एवढंच नाही. कासला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाल्यानंतर फुलांच्या दिवसांत तिथे होणारी गर्दी मी पाहते, आणि माझ्या काही वाटांवर तसं होऊ नये असंही मला वाटतं. त्याला तुम्ही स्वार्थ म्हणालात तर मी भांडणार नाही.

भांडते ती नवी आलेली मी. इथल्या जुन्या डोंगरवाल्यांनी यादी द्यायचं टाळलं की ती चिडायची. ज्याचा मामा पायथ्याच्या गावात राहतो त्याला सगळं कळतं, म्हणायची, आणि जिचं इथे कुणीच नाही तिनं काय करायचं? गावात जाऊन विचारा म्हणणं सोपं आहे. एकट्या बाईला अनोळखी पारावर थांबून विचारणं किती जड जातं, ते तुम्हाला काय ठाऊक? तिचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही. तिला लोकेशन हवंच होतं, आणि तिला ते मिळालं, आणि पुढे काय झालं ते मी वर लिहिलंय. तरीही ती चूक होती असं माझ्यानं म्हणवत नाही.

दिवाळीनंतर मी वैराटगडला जाणार आहे. यायचं असेल तर कळवा. अंगावर सुती कपडे असू द्या, आणि वर चढायच्या आधी पायथ्याच्या गावात थांबायची तयारी ठेवा. विचारायचं काम तुम्ही करायचं, मी शेजारी उभी असेन.