आईने शोधलेला गुलाब

आज दुपारी नौपाड्यातल्या घरी आईला मोबाईलवर दूरदर्शनच्या जुन्या बातम्यांची चित्रफीत दाखवली, तेव्हा सलमा सुलतान दिसताच तिने चष्मा पुसला आणि आधी त्यांच्या कानामागचा गुलाब शोधला. जवळपास तीन दशके त्या हिंदी बातम्या देत राहिल्या. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी सकाळी इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या, पण दूरदर्शनवर त्यांच्या हत्येची बातमी थेट संध्याकाळी, सलमाबाईंच्याच तोंडून आली. त्या वेळी शेजारच्या काकूंकडे टीव्हीसमोर बसलेली आई सांगते की, बातम्या संपल्या तरी कोणी जागचे उठेना. पुढे सलमाबाईंनी मालिकांचे दिग्दर्शनही केले, पण ते आईच्या खिजगणतीत नाही. तिची तक्रार एकच, काकूंचा टीव्ही कृष्णधवल असल्यामुळे गुलाबाचा रंग तिला कधी कळलाच नाही.