पावतीपुस्तक नसलेलं मंडळ

आमच्या मंडळाला पावतीपुस्तक नव्हतं. अध्यक्षपदावरून भांडणंही नव्हती, कारण अध्यक्ष म्हणजे कंपनी कमांडर. त्यांची बदली झाली की नवा अध्यक्ष दिल्लीहून ऑर्डर घेऊनच यायचा! काश्मीरच्या कुपवाडा जिल्ह्यात, लोलाब खोऱ्यातल्या एका पोस्टवर आमचा गणपती बसायचा. राष्ट्रीय रायफल्स या लष्कराच्या दहशतवादविरोधी दलात जवान आपापल्या रेजिमेंटमधून दोन-तीन वर्षांसाठी येतात. आमच्याकडे मराठा लाइट इन्फंट्रीची पोरं जास्त. सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगाव. मग गणपती बसल्याशिवाय कसा राहील?

मूर्ती आणायचं काम रजेवरून परतणाऱ्याचं. पुण्याहून झेलम एक्सप्रेसनं जम्मू, पुढे कॉन्व्हॉयमधून जवाहर बोगदा ओलांडून खोऱ्यात. शाडूची वीतभर मूर्ती, लोखंडी ट्रंकेत कांबळ्यात गुंडाळलेली. एकदा सोंडेचं टोक उडालं, तेव्हा लंगरच्या, म्हणजे फौजी स्वयंपाकघराच्या, कुकनं कणकेचं टोक करून बसवलं आणि वर शेंदूर फासला. मखर रेशनच्या खोक्यांचं. मोदक तळणीचे, कारण उकडीला लागणारी पिठी आणि धीर, दोन्ही लंगरात नसायचं. नैवेद्याला साताऱ्याचे कंदी पेढे मात्र कुणी ना कुणी आणलेले असायचेच.

अडायचं ते फुलांपाशी. जास्वंद तिथं कुठली मिळणार? पोस्टच्या खालच्या अंगाला एका चाचांचं घर होतं. परसात अक्रोडाची दोन झाडं आणि कडेनं कोंबड्याची लालभडक मखमली फुलं. तिकडे ती वाळवून ठेवतात, वाझवान या काश्मिरी मेजवानीतल्या रश्शाला रंग यावा म्हणून. पहिल्या वर्षी, २०१३ मध्ये, मी चार तुरे मागितले तर चाचांचा चेहरा एकदम बंद झाला. फौजी काही मागतो म्हणजे तो हुकूमच, अशी तिथल्या माणसाला सवय. कशाला हवीत ते सांगितलं, पैसे पुढे केले. पैसे घेतले नाहीत. अक्रोड सोलायचा हंगाम होता, हिरव्या सालीनं त्यांची बोटं नखांपर्यंत काळी पडलेली. त्याच हातांनी तुरे खुडून माझ्या हेल्मेटात टाकले. पुढच्या वर्षी मागावं लागलं नाही.

संध्याकाळच्या आरतीला गावातली काही माणसं यायची: आमचे पोर्टर, दूधवाला, शाळेचे मास्तर आणि त्यांच्यामागे पोरांची रांग. हात कुणी जोडायचं नाही, जोडावेत अशी अपेक्षाही नव्हती. उभे राहायचे, प्रसाद घ्यायचे, चहा प्यायचे. पोरांचा डोळा झांजांवर. ‘घालीन लोटांगण’ला आम्ही जागच्या जागी गिरकी घेतली की तीही गरागरा फिरायची आणि भोवळ येऊन एकमेकांवर पडायची.

पण त्याआधी गेट असायचं. आरतीला येणाऱ्याची झडती घ्यायची, हे लिहायलाही विचित्र वाटतं, पण तसंच होतं. चाचा गेटपाशी आले की कुणी सांगायच्या आधी अंगातला पायघोळ फेरन वर उचलायचे. त्यांचा नातू सात-आठ वर्षांचा. तोही दोन्ही हात वर करून उभा राहायचा, चेहऱ्यावर काही नाही, जसं आपलं पोर देवळात शिरताना चप्पल काढतं. त्याला शिकवलं कुणी? मी तर नाही. पण गेटवर माझीही ड्यूटी लागायची.

आमच्यातले काही जण सांगतात, गणपतीनं गाव आपलंसं झालं. मला ते पटत नाही. सद्भावना हे फौजेचं रीतसर काम आहे. त्यात शाळा येतात, औषधांचे कॅम्प येतात, क्रिकेटचे सामने येतात, आणि त्याचे फोटो वर पाठवावे लागतात. लोकांना हे कळत नाही असं थोडंच आहे? सकाळी रस्ता तपासायला निघालो की कांदूरच्या, म्हणजे रोटीवाल्याच्या, दुकानातून गिरद्याचा, तिथल्या गोल रोटीचा, वास यायचा. आत पाच-सहा जण गप्पा मारत असायचे, आम्ही दिसलो की गप्प. संध्याकाळी त्यांतलेच दोघे आमच्या मोदकाला नावं ठेवत बसलेले. दोन्ही खरं होतं.

२०१४ चा गणपती वेगळाच गेला. चतुर्थी २९ ऑगस्टला होती. सप्टेंबर उजाडला आणि पाऊस थांबेचना. ७ तारखेला झेलम श्रीनगरात घुसली, फोन बंद पडले. घरच्यांना आम्ही जिवंत आहोत की नाही ठाऊक नाही, आम्हाला घरचं काही नाही. चाचांची मुलगी श्रीनगरात दिलेली. ते रोज चढण चढून यायचे, वायरलेसवाल्यासमोर बसायचे. तो बिचारा वर विचारत राहायचा. ती वरच्या मजल्यावर सुखरूप आहे एवढा निरोप यायला बरेच दिवस गेले. विसर्जनाला लाहवल नदीचं पाणी असं चढलेलं की जवळ जायची सोय नव्हती. बाप्पाला लंगरच्या बादलीत निरोप दिला, ढोलाविना.

पुढच्या वर्षी बकरी ईद गणपतीतच आली. २५ सप्टेंबरला ईद, २७ ला अनंत चतुर्दशी. सकाळी आम्ही मिठाई घेऊन गेलो. चाचा म्हणाले, ‘आपका हिस्सा रखा है, पर अभी नहीं.’ बाप्पा असेपर्यंत आमच्याकडे मांस चालत नाही हे त्यांच्या लक्षात होतं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी नातू डबा घेऊन गेटवर हजर. त्याचं मीठ-तिखट अजून जिभेवर आहे. पण मला ते जरा कच्चंच लागलं होतं, हेही सांगून टाकतो.

त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला कुपवाड्याच्या जंगलातल्या चकमकीत ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कर्नल संतोष महाडिक शहीद झाले. पोगरवाडीचे, आमच्या साताऱ्याचेच. पोस्टवर बरेच दिवस कुणी मोठ्यानं बोललं नाही. गेट कडक झालं. चाचा येईनासे झाले. त्यांनी विचारलं नाही, आम्ही बोलावलं नाही. बर्फ पडायच्या आत माझी बदली झाली.

आता गावातल्या मंडळाच्या वर्गणीची पावती माझ्याही नावानं फाटते. डीजे लागला की मी शेतावर जातो. मध्यंतरी चाचांच्या नातवानं कुणाकडून तरी माझा नंबर मिळवला. दर चतुर्थीला त्याचा मेसेज येतो, ‘बैठ गए क्या?’ मग अक्रोडाचा भाव, सफरचंदाच्या पेटीचा भाव, आजोबांचे गुडघे. यंदा त्यानं विचारलंय, ते भाजलेले पेढे कुरिअरनं येतील का. आठ दिवस टिकतात म्हणून दुकानदार सांगतो. कुपवाड्याला पार्सल किती दिवसांत पोचतं, ते मात्र कुरिअरवाल्यालाही सांगता येईना.