खुर्चीचा गंज सांध्यात असतो

गॅलरीतली लोखंडी खुर्ची रंगवली आणि एक पावसाळा गेल्यावर तिच्यावर पुन्हा तांबूस फोड आले, की रंगाच्या कंपनीला शिव्या बसतात. फोड कुठे आलेत ते नीट बघा. पायाच्या रबरी बुटाच्या जरा वर, वेल्डिंगच्या टाक्याशी, नट-बोल्टखाली आणि पट्टीच्या धारेवर. बसायच्या पत्र्याच्या मधोमध क्वचितच. आपला ब्रश मात्र सगळ्यात जास्त वेळ तिथेच फिरलेला असतो.

म्हणून सुरुवात रबरी बुटांपासून. ते काढले की आतून ओली माती आणि गंजाचा भुगा पडतो. बुटात साचलेलं पाणी पाइपला आतून खातं, बाहेरचा रंग शाबूत दिसत असतानाच. पाइपच्या टोकाला पेचकसाने जोर लावून टोचा. टोक आत गेलं तर रंगावर पैसे घालवू नका, फॅब्रिकेशनवाल्याकडून तेवढा पाय कापून नवा तुकडा जोडून घ्या. एम-सीलने बुजवलेल्या भोकावर माणसाचं वजन पेलत नाही. खुर्ची घडीची असेल तर बोल्ट सोडवून सांधे मोकळे करा. बोल्ट जाम असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. नंतर ते तेल थिनरने पूर्ण पुसायला विसरू नका, तेलावर प्रायमर धरत नाही.

समुद्राजवळच्या घरात, म्हणजे मालवण-रत्नागिरीपासून मुंबईच्या किनाऱ्यावरच्या इमारतींपर्यंत, घासण्याआधी खुर्ची भरपूर गोड्या पाण्याने धुवा आणि उन्हात खडखडीत वाळवा. मीठ राहिलं आणि वरून पॉलिश पेपर मारला, तर ते गंजाच्या खड्ड्यात आणखी घट्ट बसतं. मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि रंगाखाली गंज चालू राहतो. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे वरचा रंग उचलला जातो. फोड म्हणतो तो हाच.

टॉयलेट साफ करायच्या ॲसिडने गंज काढायचा सल्ला हमखास मिळतो. गंज निघतो, लोखंड चकचकीत दिसतं आणि थोड्याच वेळात पिवळं पडतं. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि त्याचं क्लोराइड खड्ड्यात मागे राहतं. म्हणजे खारी हवा आपणच आत भरून ठेवली. रसायन वापरायचंच तर फॉस्फोरिक ॲसिडवर चालणारं घ्या. डब्यावर धुवायला सांगितलं असेल तर धुवा आणि लगेच वाळवा. ते पपड्यांच्या खाली पोचत नाही, घासणं चुकत नाही.

सुट्या पपड्या पत्रीने खरवडा, मग तारेचा ब्रश, मग 80 नंबरचा पॉलिश पेपर. खड्ड्यांच्या तळाशी करडे-काळे डाग राहिले तर चालतील, बोटाला भुकटी लागता कामा नये. घट्ट बसलेला जुना रंग सगळा उतरवायची गरज नाही. त्याची कड 120 आणि मग 220 ने इतकी उतरती करा, की नखाला पायरी लागणार नाही. बाकी चकाकीवर 220 फिरवून ती मारा. रंग जुना असेल तर कोरडं घासू नका, वॉटर पेपर पाणी लावून वापरा. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नको हा नियम देशात नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे, त्याआधीच्या रंगाची धूळ मुलांच्या घरात नको.

पाइप गॅल्वनाइज्ड असेल, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, फिकट करडा आणि जागोजागी पांढरी भुकटी धरलेला, तर त्यावर थेट ऑइल पेंट लावू नका. जस्ताशी त्या रंगातल्या तेलाचा साबण होतो आणि काही महिन्यांत रंग सालीसारखा सुटतो. तिथे एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्ताला धरून बसणारा प्रायमर लागतो.

घासून झालं की थिनरच्या फडक्याने पुसा आणि त्याच दिवशी प्रायमर लावा. दमट हवेत उघडं लोखंड रात्रभर थांबत नाही. झिंक फॉस्फेट प्रायमर मिळाला तर उत्तम. घरातल्या वस्तूला रेड ऑक्साइड पुरतो. पिवळा झिंक क्रोमेट मी घरात सुचवणार नाही, त्यातलं क्रोमियम कर्करोगाला कारण ठरणारं आहे. प्रायमरच्या एका लिटरला 100 मिली टर्पेंटाइन पुरे.

आता प्रायमरचा मुख्य हात. आधी लहान ब्रशने फक्त धारा, टाके, बोल्टच्या जागा आणि पाइपची तोंडं रंगवा, मग सगळी खुर्ची. ओला रंग धारेवरून मागे सरकतो, तिथे थर सगळ्यात पातळ राहतो आणि गंज पहिला तिथूनच फुटतो. हा एक जादा हात दहा मिनिटांचा आहे आणि बहुतेक कामात तोच गाळला जातो. पाइपच्या आत पातळ केलेला प्रायमर ओतून खुर्ची फिरवा, उरलेला डब्यात काढून घ्या.

प्रायमर एक रात्र वाळू द्या, 320 चा पेपर अलगद फिरवा, पुसा आणि एनॅमलचे दोन पातळ हात द्या, मध्ये पुन्हा एक रात्र. दोन खुर्च्यांना साधारण 200 मिली प्रायमर आणि 500 मिली एनॅमल लागतं. एकाच जाड हातात काम उरकलं तर उभ्या पायांवर ओघळ येतात, वरची साय वाळते, आत ओलं राहतं आणि सुरकुत्या पडतात. एनॅमलमध्ये एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकरचा) थिनर घालू नका, तो खालचा रंग उचलतो. खुर्ची आधी उलटी ठेवून खालची बाजू रंगवा. खाली वर्तमानपत्र नको, पायांना चिकटतं. फळीत खिळे ठोकून त्यावर ठेवा.

वेळ सकाळी दहाच्या पुढची, दव उडाल्यावर, आणि दुपारी चारच्या आत संपवा. संध्याकाळच्या दमटपणात चकाकी मरते. भर उन्हातही नको. पावसाळ्यात तर हातच लावू नका. देवघरात समई किंवा उदबत्ती चालू असेल तर डबा त्या खोलीत उघडू नका.

हाताला दुसऱ्या दिवशी कोरडा लागला तरी रंग आतून कडक व्हायला आठवडा जातो. तोवर गादी ठेवाल तर कापडाची वीण उमटेल आणि खुर्च्या एकात एक ठेवाल तर चिकटतील. नवे रबरी बूट त्यानंतरच बसवा आणि प्रत्येकाच्या तळाला खिळ्याने एक भोक पाडा, पाणी निथळायला. उरलेला रंग मोठ्या डब्यात ठेवू नका. लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, वर हवा कमी राहिली की साय कमी धरते आणि पुढच्या ऑक्टोबरात धारांवर टिपायला तो कामी येतो.