पॅराथायरॉईडची शस्त्रक्रिया आणि विम्याच्या अर्जातला चुकीचा कोड : माझा अनुभव

आईला मूतखडा पुन्हा पुन्हा होऊ लागला, तेव्हा मूत्ररोगतज्ज्ञांनी रक्तातले कॅल्शियम तपासून घेण्यास सांगितले. ते ११.६ निघाले, एरवी ते साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर असते. पॅराथायरॉईड या मानेतल्या छोट्या ग्रंथींचा, रक्तातले कॅल्शियम वाढवणारा हार्मोन, म्हणजे पीटीएच, हाही वाढलेलाच होता. कॅल्शियम वाढले की पीटीएच उतरायला हवा. दोन्ही एकाच वेळी चढलेले असतील, तर दोष बहुधा ग्रंथीतच असतो. मानेची सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅन (किंचित किरणोत्सारी औषध टोचून ग्रंथींची प्रतिमा घेणारी तपासणी) यांत डावीकडच्या खालच्या ग्रंथीत गाठ दिसली आणि शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. येथवर कुठेही अडले नाही.

अडले ते विम्याच्या कॅशलेस मंजुरीत, म्हणजे कंपनीने रुग्णालयाचे बिल थेट भरण्याच्या परवानगीत. आई हायपोथायरॉईडिझमसाठी, म्हणजे थायरॉईड ग्रंथी कमी काम करते म्हणून, अनेक वर्षांपासून रोज सकाळी गोळी घेते. पॉलिसी काढतानाच आम्ही ते लेखी कळवले होते, आणि पूर्वीपासूनच्या आजारांसाठी असलेला ३६ महिन्यांचा प्रतीक्षा कालावधी अजून संपायचा होता. रुग्णालयाच्या टीपीए डेस्कवर (विम्याच्या दाव्यांचे काम पाहणाऱ्या कक्षात) पूर्वपरवानगीचा अर्ज भरणाऱ्याने जुन्या कागदांवरून निदानाच्या रकान्यात ‘थायरॉईड’ असे लिहिले आणि शेजारी ई०३.९ हा आजाराचा आंतरराष्ट्रीय कोड टाकला. तो हायपोथायरॉईडिझमचा कोड आहे. आईला झालेल्या प्रायमरी हायपरपॅराथायरॉईडिझमचा, म्हणजे पॅराथायरॉईड ग्रंथीतल्याच दोषाने पीटीएच जास्त होण्याचा, कोड ई२१.० आहे. साहजिकच ‘पूर्वीपासूनचा आजार, प्रतीक्षा कालावधी शिल्लक’ या कारणाने मागणी नामंजूर झाली.

डेस्कवर चौकशी केली, तर त्यांनी विमा कंपनीकडे बोट दाखवले. कंपनीला फोन केला, तर रुग्णालयाने जे लिहिले तेच आम्ही पाहतो, असे सांगण्यात आले. फोनवरच्या एका अधिकाऱ्याने तर ‘मानेतलीच ग्रंथी आहे ना, मग थायरॉईडच की ते,’ असे ऐकवले. त्या वाक्याचा राग मला अजूनही येतो, कारण तोवर ठरलेली तारीख हातची गेली होती आणि वाढलेल्या कॅल्शियममुळे आईला मळमळ, बद्धकोष्ठता आणि कमालीचा थकवा जाणवत होता.

थायरॉईड श्वासनलिकेच्या पुढे असते. ती आयोडीन वापरून टी३ आणि टी४ हे हार्मोन तयार करते, आणि मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच या आपल्या हार्मोनद्वारे तिचे नियंत्रण करते. पॅराथायरॉईड ग्रंथी बहुतेकांना चार असतात. त्या थायरॉईडच्या मागच्या बाजूला असून प्रत्येक जेमतेम मसुराच्या दाण्याएवढी असते. त्यांच्यावर पिट्युटरीचा अंमल चालत नाही. रक्तातले कॅल्शियम त्या स्वतःच जोखतात आणि ते कमी झाले की पीटीएच सोडतात. मग हाडांतून कॅल्शियम सुटते, मूत्रपिंड ते राखून ठेवते आणि फॉस्फेट बाहेर टाकते, शिवाय ड जीवनसत्त्व सक्रिय होऊन आतड्यातून अधिक कॅल्शियम शोषले जाते. आईची एक ग्रंथी गरज नसतानाही हे काम करत राहिली होती. रक्तातच कॅल्शियम इतके साचले, की मूत्रपिंडाने राखूनही ते लघवीत जादा उतरू लागले आणि त्याचे खडे झाले. स्वीडनमधील उप्साला येथे वैद्यक शिकणाऱ्या इव्हार सांडस्ट्रोम याने १८८० मध्येच या ग्रंथींचे माणसाच्या शरीरातील स्वतंत्र ग्रंथी म्हणून वर्णन केले होते. इतकी जुनी आणि निःसंदिग्ध गोष्ट रुग्णाच्या मुलाने फोनवर समजावत बसावी लागते, हे मला अत्यंत अनुचित वाटते.

अखेर शल्यचिकित्सकांच्या पत्राने काम झाले. त्यांनी लेटरहेडवर दोन्ही आजार वेगवेगळ्या ओळींत लिहिले, प्रत्येकापुढे त्याचा कोड दिला, आणि एकामुळे दुसरा होत नाही व ही शस्त्रक्रिया फक्त ई२१.० साठी आहे, असे स्पष्ट नमूद केले. सोबत कॅल्शियम, पीटीएच आणि स्कॅनचे अहवाल जोडून डेस्ककडून दुरुस्त अर्ज नव्याने पाठवून घेतला. कंपनीच्या तक्रार निवारण कक्षालाही तेच कागद ईमेल केले आणि दाद न मिळाल्यास विमा लोकपालांकडे जाऊ, असे कळवले. त्यानंतर मंजुरी आली. म्हणून आग्रहाने सांगतो, अर्ज पाठवण्यापूर्वी निदानाचा रकाना आणि कोड स्वतः वाचा; डेस्कवरची मंडळी घाई करतील, तरी वाचाच.

शस्त्रक्रिया निर्विघ्न झाली. रक्तातला पीटीएच काही मिनिटांतच निम्मा होतो, त्यामुळे गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी रक्त तपासून, तो निम्म्याहून खाली आल्याची खात्री करूनच टाके घातले गेले. आधीच सांगायला हवे होते असे एक : बायोटिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर पीटीएचच्या तपासणीपूर्वी डॉक्टरांना जरूर सांगा, कारण त्या गोळ्यांमुळे अहवाल चुकू शकतो. शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या ग्रंथी कामाला लागेपर्यंत कॅल्शियम उतरते. आईच्या ओठांभोवती मुंग्या आल्या, त्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी थांबल्या. डिस्चार्जच्या कागदावरही ई२१.० हाच कोड आहे, हे मी निघण्यापूर्वी तपासले, कारण पुढच्या तपासण्यांचा खर्च त्याच कागदाच्या आधारे मागायचा असतो.