जुळी पानं, भाग ४: कॅनॉनिकल उलटं बोट दाखवत होता

सापडलं एकदाचं! माझ्या साइटचं प्रत्येक पान एचटीटीपी (साधा) आणि एचटीटीपीएस (सुरक्षित) अशा दोन पत्त्यांवर, आणि गूगल सुरक्षित पान सूचीत घ्यायला तयार नाही, हे ते दुखणं. तीन आठवडे ३०१ च्या, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळवणाऱ्या नियमावर संशय घेऊन इंजिनएक्स या वेब सर्व्हरची फाइल पिंजत बसले होते, आणि तो नियम पहिल्या दिवसापासून बरोबर होता.

मागच्या वेळी सांगितलंच होतं: पोर्ट ८० वर (एचटीटीपीने) येणारं सगळं ४४३ कडे (एचटीटीपीएसकडे) वळवलं, साइटमॅप, म्हणजे पानांची यादी, नवा दिला, तरी गूगलचा सर्च कन्सोल हटून बसलेला. एचटीटीपीएसच्या पानांपुढे शेरा एकच, 'योग्य कॅनॉनिकल टॅग असलेलं पर्यायी पान'. (कॅनॉनिकल टॅग म्हणजे या पानाचा खरा पत्ता कुठला ते सांगणारी सोर्समधली ओळ.) मी रोज त्यातला 'योग्य' वाचायचे आणि पुढे जायचे. अडकायला हवं होतं 'पर्यायी'पाशी.

रविवारी रात्री ब्राउझर बंद करून कर्ल या कमांडने पान ओढलं. पहिल्या मागणीला ३०१, लोकेशनमध्ये (कुठे वळायचं त्या पत्त्यात) एचटीटीपीएस, सगळं ठीक. मग त्या सुरक्षित पानाचा सोर्स पाहिला. अकराव्या ओळीवर कॅनॉनिकल, आणि त्याचा पत्ता चक्क एचटीटीपीचा! रीडायरेक्ट म्हणतो इकडे या, टॅग म्हणतो खरं पान तिकडे आहे. पानं वाचत फिरणाऱ्या गूगलच्या बॉटने ऐकायचं कुणाचं?

कारण साधं निघालं. टीएलएस, म्हणजे एचटीटीपीएसचं कुलूप, पुढच्या प्रॉक्सीवरच (ॲपसमोरच्या मध्यस्थ सर्व्हरवरच) संपतं, मागच्या ॲपपर्यंत मागणी साध्या एचटीटीपीनेच पोचते. टेम्पलेट कॅनॉनिकलचा पत्ता त्या मागणीवरूनच बनवत होतं. मूळ मागणी एचटीटीपीएसने आली होती हे ॲपला कळवणाऱ्या एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडरची एक ओळ प्रॉक्सीत घातली, ॲपला त्या प्रॉक्सीवर विश्वास ठेवायला सांगितलं, झालं. म्हणजे झालं असं वाटलं. काही पानं तरीही जुनाच टॅग देत होती. ती कॅशमधून, म्हणजे साठवलेल्या जुन्या प्रतींतून येत होती. कॅश पुसली तेव्हा कुठे सगळीकडे एकच पत्ता आला.

गूगलने डिसेंबर २०१५ मध्येच सांगितलं होतं की दोन्ही रूपं सारखी असतील तर एचटीटीपीएस आपणहून सूचीत घेऊ. पण त्याच्या अटींत 'सुरक्षित पानाचा कॅनॉनिकल एचटीटीपीकडे नसावा' हीही अट होती. माझं घोडं तिथेच पेंड खात होतं.

एसईओची, म्हणजे साइट शोधात नीट दिसावी म्हणून असलेली, तीन प्लगइनं या काळात लावून पाहिली. रीडायरेक्ट आणि कॅनॉनिकल शेजारी ठेवून ताडायचं एकालाही सुचलं नाही, एकाने तर स्वतःचा दुसरा कॅनॉनिकल घुसवला. तिन्ही काढली. कर्ल आणि ग्रेप (मजकुरात शब्द शोधणारी कमांड) पुरेसे आहेत.

एचटीटीपीची बाजू रोबोट्स फाइलमध्ये (बॉटने काय मागू नये ते सांगणाऱ्या) बंद करण्याचा सल्लाही मिळाला होता. कृपया करू नका. बॉटला जुना पत्ता मागताच आला नाही तर ३०१ दिसणार कसा?

हे लिहिता लिहिता वाटतंय, कॅनॉनिकल हेडरच्या भरवशावर ठेवायचाच कशाला? पत्त्याची सुरुवात कॉन्फिगमध्येच पक्की लिहून टाकते. हेडर मात्र राहू दे, नाहीतर ॲपचे स्वतःचे रीडायरेक्ट पुन्हा एचटीटीपीवरून वळसा घेतील.

एचएसटीएस, म्हणजे या साइटवर फक्त एचटीटीपीएसनेच ये असं ब्राउझरला बजावणारा हेडर, याच आठवड्यात ३१५३६००० सेकंदांच्या (वर्षभराच्या) मुदतीने चालू करणार होते. आता आधी ३००. ब्राउझरने एकदा लक्षात ठेवलं की चूक वर्षभर निस्तरत बसावं लागतं, आणि माझ्या एका सबडोमेनला अजून प्रमाणपत्रच नाही.

आज सकाळी सर्च कन्सोलमध्ये मुखपृष्ठाचा एचटीटीपीएस पत्ता तपासला. गूगलने निवडलेला कॅनॉनिकल: तपासलेलाच पत्ता. दोनदा रिफ्रेश करून पाहिलं, तेच!