माजी, पण फोन चालू

आज मंडईत आमचे माजी नगरसेवक भेटले. तीन टर्म केलेला माणूस, मेथीच्या जुडीवरून पाच रुपयांसाठी घासाघीस करत होता. १४ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले, तेव्हापासून हे माजी. "पद गेलं हो, फोन कुठे गेले?" म्हणाले, आणि वाजलाच. कुणाच्या तरी बोळात ड्रेनेज तुंबलेलं. मेथी तिथेच टाकून सुरू: "झाकण उघडलं का? पाणी काळं की साबणाचं?"

महात्मा फुलेही १८७६ पासून पुणे नगरपालिकेत सदस्य होते. मंडईवरच्या खर्चाला त्यांचा विरोध होता, आणि आज मंडईला नाव त्यांचंच! (पुणं आहे हे.)

शेवटी मेथी मीच घेतली. पाच रुपये काही सुटले नाहीत.