पासवर्ड आत्याकडे होता

एकच पेनड्राइव्ह, त्यावरची एकच सेटअप फाइल आणि एकाच घरातले दोन लॅपटॉप. निकाल मात्र दोन वेगवेगळे. घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माझ्यासारख्याच्या हाती अशी जोडी सहसा लागत नाही. एरवी आपण लोकांना सांगत राहतो, ‘रोजच्या कामाला अ‍ॅडमिन खातं वापरू नका’, आणि लोक मान डोलावून विसरतात. अ‍ॅडमिन खातं म्हणजे कॉम्प्युटरमध्ये हवं ते बदलायचे अधिकार असलेलं खातं. इथे दोन्ही बाजूंचा पुरावा एकाच टेबलावर मांडून ठेवलेला होता.

आजोबांनी फोनवर सांगितलं, “फोटो उघडत नाहीत, आणि प्रत्येकाच्या नावामागे काहीतरी शेपूट लागलंय.” मी म्हटलं, “आधी वायफाय बंद करा. दोन्ही लॅपटॉपचं बटण दाबून धरा आणि मी येईपर्यंत काही उघडू नका.”

गेल्यावर आधी नातवाचा लॅपटॉप घेतला. डिस्कची जशीच्या तशी प्रत काढून घेतली, मग आत पाहिलं. प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची चिठ्ठी पडलेली होती: फाइली कुलूपबंद केल्यात, किल्ली हवी तर पैसे द्या. गडी पहिल्याच प्रश्नाला मोकळा झाला. गेमचा क्रॅक, म्हणजे संरक्षण तोडलेली फुकटी प्रत, उतरवला होता. झिपला पासवर्ड होता, म्हणजे डाउनलोड होताना अँटिव्हायरसला आतलं दिसणारच नाही. सोबतच्या सूचनेत ‘अँटिव्हायरस बंद करा’ असंही लिहिलेलं. त्याला तेवढेही कष्ट पडले नव्हते, कारण ते काम त्या प्रोग्रामने स्वतःच उरकलं.

त्याचं कारण सेटिंगमध्ये सापडलं. विंडोज एक्सपीच्या काळात सेटअपमध्ये बनवलेलं घरगुती खातं थेट अ‍ॅडमिन असायचं आणि त्यातून उघडलेला प्रत्येक प्रोग्रामही त्याच ताकदीने चालायचा. 2007 मध्ये व्हिस्टा आलं तेव्हापासून खातं अ‍ॅडमिन असलं तरी प्रोग्राम साध्या अधिकारावर चालतात. जास्त काही हवं असेल तर पडदा अंधारतो आणि ‘येस की नो’ विचारलं जातं. तो अंधार शोभेचा नाही. ती खिडकी वेगळ्याच डेस्कटॉपवर उघडते, म्हणजे दुसरा एखादा प्रोग्राम तुमच्या वतीने ‘येस’ दाबू शकत नाही. नातवाने या विचारपुशीचा स्लायडर पार तळाला नेऊन ठेवला होता. ‘सारखं सारखं विचारतं, गेम मिनिमाइज होतो,’ हे त्याचं म्हणणं. अ‍ॅडमिन खातं आणि तळाचा स्लायडर म्हणजे कुठलाही प्रोग्राम जास्तीचे अधिकार मागणार आणि विंडोज ते न विचारता देणार.

त्या प्रोग्रामने काय केलं ते दोन ठिकाणी दिसलं. डिफेंडरच्या, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसच्या, अपवादांच्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह. म्हणजे पहारेकऱ्याला सांगून टाकलेलं की या घरात कुठेच बघू नकोस. आणि शॅडो कॉपी, म्हणजे विंडोज रिस्टोअर पॉइंटसोबत फाइलींच्या ज्या जुन्या अवस्था राखून ठेवतं त्या, एकूण एक पुसलेल्या. कमांड दिली, उत्तर आलं की असं काही सापडत नाही. कॉलेजचं काम, फोटो, सगळं कुलूपबंद आणि मागे जायची वाटही बुजवलेली.

“पण काका, मी साधं खातं वापरलं असतं तर हे झालंच नसतं ना?”

इथे बहुतेकांची गल्लत होते, म्हणून त्याला सरळ सांगितलं की झालं असतं. तुझ्या फाइली तुझ्या आहेत. त्या उघडायला, बदलायला, पुसायला तुला अ‍ॅडमिन असावं लागत नाही, मग तुझ्या नावाने चालणाऱ्या प्रोग्रामला का लागेल? फाइली कुलूपबंद करायला साधे अधिकार पुरतात. अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात ते त्यानंतरच्या सुटकेचे मार्ग तोडायला. त्याला ते पटेना. मग मी आजोबांचा लॅपटॉप पुढे ओढला.

पहिल्या लॅपटॉपवर सेटअप संपलं तरी गेम काही उघडला नाही. फाइलींना लागलेली शेपटं अजून नातवाच्या लक्षात आलेली नव्हती. त्याला वाटलं आपल्याच मशीनमध्ये खोट आहे, म्हणून तोच पेनड्राइव्ह त्याने आजोबांच्या लॅपटॉपला लावला. तो लॅपटॉप त्याच्या आत्याने लावून दिलेला. आजोबांचं खातं साधं, अ‍ॅडमिनचं खातं आत्याचं आणि पासवर्ड आत्यापाशी. सेटअप चालवल्यावर पडदा अंधारला. खिडकीत नाव होतं ‘विंडोज कमांड प्रोसेसर’, खाली प्रकाशक म्हणून मायक्रोसॉफ्ट, तेही पडताळलेलं. यात खोटं काहीच नव्हतं. हे प्रोग्राम स्वतः पुढे येत नाहीत, विंडोजचीच हत्यारं हाती धरतात, त्यामुळे खिडकीत नावही विंडोजचंच दिसतं. साध्या खात्यावर ती खिडकी नुसतं ‘येस’ घेत नाही, अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागते.

“आजोबा, पासवर्ड काय आहे?”

“मला कुठे ठाऊक? आत्याला विचार.”

आत्याने फोन उचलला नाही. ‘नो’ केलं की खिडकी पुन्हा यायची. असं बराच वेळ चाललं आणि तेवढ्यात मागे आजोबांच्या फाइलींना एकेक करून कुलूप लागत होतं. मग डिफेंडरला जाग आली. इथे त्याला कोणी अपवाद सांगून ठेवलेला नव्हता. त्याने प्रोग्राम मारला आणि खिडक्या थांबल्या. उशिरा का होईना, थांबल्या.

पुन्हा आधी डिस्कची प्रत. मग आजोबांच्या फोटोंच्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’. यादीत तारखा होत्या! त्यातली अलीकडची उघडली तर आत फोटो जसेच्या तसे, शेपटाविना. त्या तारखेनंतरचं लिखाण गेलं ते गेलंच, बाकीचं परत आलं. यात नशिबाचाही भाग होता. विंडोजमध्ये या जुन्या अवस्था राखणारं सिस्टीम प्रोटेक्शन अनेकदा बंदच असतं. आत्याने ते आठवणीने चालू केलं होतं, आणि ते चालू करायलाही अ‍ॅडमिनच लागतो. शॅडो कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी त्यांना निघेपर्यंत सांगत होतो.

आजोबांचं प्रामाणिक बोलणं मला फार आवडलं. ते म्हणाले, “अहो, मायक्रोसॉफ्टचं नाव होतं खाली. मला पासवर्ड ठाऊक असता तर मी दिलाच असता.” विंडोज नुसतं ‘येस’ मागतं तेव्हा आपण सगळे याच भरवशावर ते दाबतो. त्या खिडकीला अभेद्य भिंत मायक्रोसॉफ्ट स्वतःही म्हणत नाही.

एवढं झाल्यावर घरातल्या सगळ्यांचे अ‍ॅडमिन अधिकार काढून घ्यावेत असं वाटणं साहजिक आहे. आजोबांची तक्रार मात्र नेमकी उलटी होती, आणि रास्त होती. त्यांच्या लॅपटॉपच्या आतला सेल उतरलेला. बंद करून चालू केला की घड्याळ काही वर्षं मागे. घड्याळ चुकलं की सुरक्षा प्रमाणपत्रांच्या तारखा जुळत नाहीत आणि ब्राउझर प्रत्येक साइट असुरक्षित ठरवतो. साध्या खात्यावर टाइम झोन बदलता येतो, वेळ बदलता येत नाही. म्हणजे वेळ दुरुस्त करायलाही लेकीच्या फोनची वाट बघायची. ती दुरून स्क्रीन बघून मदत करायला जायची तर ऐन पासवर्डच्या क्षणी तिच्याकडचा पडदा थबकायचा, कारण तो अंधारा डेस्कटॉप दूरच्या माणसालाही दिसत नाही. आपल्याच वस्तूवर आपला अधिकार नसणं हा रोजचा जाच असतो. आणि त्या दिवशी मी त्या लॅपटॉपवर जे काही केलं, डिस्क तपासणं, सगळं पुन्हा बसवणं, ते आत्याने फोनवर पासवर्ड सांगितला म्हणूनच झालं. तो कामानंतर तिने बदलला.

नातवाने हट्ट धरला की त्याला अ‍ॅडमिन लागतोच. पंख्याचा वेग बदलणाऱ्या टूलला खरंच लागतो, ते मी मान्य केलं. गेमच्या मॉडसाठी, म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या जोडफाइलींसाठी, मात्र लागत नव्हता. मॉडच्या फाइली ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये टाकायच्या म्हणून विंडोज अडवत होतं, एवढंच. गेमची लायब्ररी दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली आणि तो प्रश्न मिटला. एका जुन्या प्रोग्रामला स्वतःच्याच फोल्डरमध्ये सेटिंग लिहायची होती. तेवढ्या एका फोल्डरवर लिहायची परवानगी दिली. घरात ‘अ‍ॅडमिन पाहिजे’ असं जे म्हटलं जातं, त्यातलं पुष्कळसं असं एखाद्या फोल्डरपुरतं असतं. शेवटी त्याला दोन खाती करून दिली. रोजचं साधं, आणि दुसरं पासवर्डचं अ‍ॅडमिन, ज्यात ब्राउझर उघडायचा नाही. आजोबांचा सेल बदलला.

नातवाच्या फाइलींचं काही करता आलं नाही. डच पोलिस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी 2016 मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ उपक्रमाच्या साइटवर कुलूपबंद फाइलीचा नमुना तपासून पाहिला, किल्ली नव्हती. पुढेमागे निघेल म्हणून त्या फाइली वेगळ्या डिस्कवर ठेवायला सांगितल्या.

राहिले ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड. ते चोरायला साधं खातंही पुरतं, आणि असे क्रॅक अनेकदा पासवर्डचोरही सोबत घेऊन येतात. म्हणून दोघांनाही दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून पासवर्ड बदलायला बसवलं आणि सगळीकडून लॉगआउट करायला लावलं. आजोबांची खाती शाबूत निघाली. नातवाच्या ईमेलमध्ये मात्र कोणीतरी आधीच शिरून रिकव्हरीचा नंबर बदलला होता. मी निघालो तेव्हा तो खातं परत मिळवायचा अर्ज भरत होता.